डोंगर कुणी पोखरला?

१

लहान मुलांचं अख्खं हॉस्पिटल डोंगरात खचलं होतं. तीन मजले, गच्चीवरची बाग, व्हरांड्यातल्या चिमुकल्या खाटा, सगळं एका बाजूला कलून खड्ड्यात गेलेलं. नशीब एवढंच की हॉस्पिटल पुठ्ठ्याचं होतं, डोंगर थर्माकोलचा होता आणि दोन्ही मिळून एका टेबलावर मावत होते.

"हसू नकोस, मावशी," ठमी म्हणाली. "उद्या सकाळी हे स्पर्धेच्या परीक्षकांपुढे ठेवायचंय."

मी हसत नव्हते, माझा चेहराच तसा आहे. नोकरीत असताना मी विमा कंपनीसाठी नुकसानीची पाहणी करायचे. जळालेली गोदामं, भिजलेला माल, फुटलेल्या काचा. समोरचा खरोखर रडतोय की रडून दाखवतोय हे ओळखण्यात हयात गेली. आता निवृत्त आहे, गुडघे कुरकुरतात, पण नात्यागोत्यात काही फुटलं-तुटलं की अजूनही मलाच बोलावणं येतं.

ठमी माझी भाची. घरी ठमी, ऑफिसात मॅडम. ती आर्किटेक्ट आहे आणि हुशार आहे, पण एकदा तिनं काही ठरवलं की ब्रह्मदेव आला तरी तिला हलवू शकत नाही. आणि आत्ता तिचं ठरलं होतं.

"मॉडेलवाल्यानं केलंय," ती म्हणाली. "काल संध्याकाळी भांडला माझ्याशी. हॉस्पिटलकडे चढणारा रस्ता मी पुन्हा बदलायला सांगितला, तर सगळ्यांसमोर म्हणाला, 'आता बदल सांगितलात तर या डोंगराचा खड्डाच करून टाकतो.' आणि आज सकाळी बघ. खड्डा!"

"त्याला विचारलंस?"

"विचारायचं काय त्यात? सकाळी सगळ्यांसमोर सांगितलं, सामान उचला आणि निघा. परीक्षकांनाही कळवणार आहे, ओळखीच्या सगळ्या ऑफिसांनाही कळवणार आहे. त्याला परत कुणी हातात ब्लेड देणार नाही."

हे मात्र मला टोचलं. ब्लेड हातात धरून पोट भरणाऱ्या माणसाचं नाव एकदा असं खराब झालं की ते धुऊन निघत नाही. नुकसानीच्या धंद्यात मी हे पुष्कळ पाहिलंय. गोदाम पुन्हा बांधता येतं, पण 'त्यानेच आग लावली म्हणे' ही कुजबुज गोदामापेक्षा जास्त टिकते.

"संध्याकाळपर्यंत कुणाला फोन करू नकोस," मी म्हटलं. "तोवर मी बघते."

"बघ हवं तर. पण आधी त्याचं कपाट बघ."

मी कपाट उघडलं. आत पत्र्याचा एक डबा होता, रंग पातळ करायच्या थिनरचा. थर्माकोलवर थिनर पडलं की थर्माकोल विरघळतं हे या ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. डब्याचं झाकण सैल होतं आणि डबा जवळपास रिकामा होता.

२

मॉडेलवाला गेला नव्हता. जिन्याच्या मधल्या वळणावर पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. चाळिशीचा, किरकोळ अंगाचा माणूस, बोटांवर जुन्या कापण्याच्या पांढऱ्या रेघा.

"मावशी, थिनर रोज लागतं," मी विचारायच्या आत तोच म्हणाला. "डबा संपला की नवा आणतो. नवा आज आणणार होतो."

"आणि ते खड्ड्याचं बोलणं?"

"रागात बोललो. रस्ता तीनदा बदलला त्यांनी. डोंगर माझा, उतार माझा, पायऱ्या माझ्या, एकेक नखाएवढी खाट माझी. रागात आई लेकराला म्हणते की टाकून देईन विहिरीत. टाकते का?"

मी त्याच्या शेजारच्या पायरीवर टेकले. बोलायला लावायचं असेल तर गप्प बसावं, हे शिकायला मला नोकरीतली पहिली काही वर्षं लागली होती.

"आणि मी केलं असतं ना," तो जरा वेळाने म्हणाला, "तर वरून केलं असतं. एक बुक्की मारली की काम झालं. आतून डोंगर पोखरायला मी काय उंदीर आहे?"

हे वाक्य माझ्या कानात राहिलं. आतून असं तो का म्हणाला? एकतर त्यानं स्वतः केलं होतं म्हणून, नाहीतर काम जाणणाऱ्या माणसाच्या नजरेला ते लगेच दिसलं होतं म्हणून.

मी परत वर जाऊन टेबलाशी वाकले आणि चष्मा पुसून नीट पाहिलं. डोंगराच्या थर्माकोलवर पुट्टीचा पातळ थर होता आणि त्यावर हिरवा रंग. थिनर वरून ओतलं असतं तर पहिल्यांदा रंग बिघडला असता. इथे रंग जसाच्या तसा होता. वरची साल न विरघळता आत दुमडली गेली होती. खालचा आधार गेला म्हणून वरचं बसलं होतं. डोंगर खरोखरच आतून पोकळ झाला होता.

मी दाभणाएवढी एक काडी घेऊन खड्ड्यात फिरवली. काडीला पिवळसर, चिकट काहीतरी लागलं. ते कागदावर टेकवून मी खिडकीत ठेवलं. थिनर असतं तर एव्हाना उडून जायला हवं होतं. हा डाग उडेना. उलट पसरत गेला आणि कागद तिथे पारदर्शक झाला.

तेल होतं ते.

एवढ्यात पायाशी काहीतरी घासलं. पाहते तर मांजर! बेधडक टेबलावर उडी मारून ती खड्ड्याच्या काठावर बसली आणि डोंगर चाटायला लागली.

३

"अहो, हाकला त्या घारीला!" असं ओरडत फोनताई धावत आली. ही बाहेरच्या खोलीत फोन घेणारी मुलगी. अख्ख्या इमारतीतल्या भानगडी तिच्या कानावरून जातात. घारी म्हणजे इमारतीचं मांजर.

"रोज येते का ही इथे?" मी विचारलं.

"छे! गोंदाचा, रंगाचा वास असतो ना इथे, घारी या खोलीकडे फिरकत नाही. पण काल सकाळपासून बघतेय, दारातच मुक्काम. आधी मला वाटलं तिनंच उडी मारून डोंगर मोडला. पण उडी मारून एवढं कुठे मोडतं?"

"तुझ्या नखांचा रंग छान आहे."

तिनं हात मागे घेतले. पोरगी हुशार. "रंग पुसायचं औषध आहे माझ्या खणात, मावशी. त्यानेही थर्माकोल विरघळतं, मला माहितीय. पण बाटली बघा, भरलेली आहे. आणि मी कशाला करू? त्या खाटांवरच्या चादरी मी शिवल्यात."

बाटली खरंच भरलेली होती. चादरी नखाएवढ्या होत्या, त्यांना दुमडही घातलेली होती.

नकाशेकाका राहिले होते. ऑफिसातले सगळ्यात जुने, हातानं नकाशे काढायच्या काळापासूनचे. त्यांना हा डोंगरच मान्य नव्हता. हॉस्पिटल सपाटीला हवं, असं ते पहिल्या दिवसापासून सांगत होते, आणि ठमीनं ते ऐकून घेतलं नव्हतं. मी समोर बसताच त्यांनी चष्मा काढला आणि हात जोडले.

"ताई, कबूल करतो. मी केलं ते."

मी सावरून बसले.

"कुंडीत मीच टाकायचो," ते म्हणाले.

"कसली कुंडी?"

तेव्हा मला या ऑफिसातली खरी गंमत कळली. रोज दुपारी जेवणं झाली की ठमी एक बाटली घेऊन सगळ्यांच्या टेबलाशी फिरायची आणि प्रत्येकाच्या तळहातावर एकेक कॅप्सूल ठेवायची. पिवळी, पारदर्शक, माशाच्या तेलाची. ओमेगा-३. शिवाय अक्रोडांची वाटी फिरायची आणि सॅलडवर जवसाचं तेल. सोबत प्रवचन फुकट: हे स्निग्ध आम्ल शरीर स्वतः बनवू शकत नाही, ते खाण्यातूनच घ्यावं लागतं, हृदयाला चांगलं, रक्तातली चरबी कमी करतं, जवसात आणि अक्रोडात ते असतं पण शरीराला हवं त्या रूपात त्यातलं थोडंच बदलतं, म्हणून मासे, आणि मासे नाहीत तर कॅप्सूल.

"बोलते ते खोटं नाही हो," नकाशेकाका म्हणाले. "पण दुपारभर माशाचे ढेकर! नकाशावर वाकलो की ढेकर. म्हणून मी कॅप्सूल हळूच कुंडीत पुरायचो. एकदा मॅडमनी माती उकरली. केवढं रामायण झालं! कुणी केलं ते कळलं नाही, पण त्या दिवसापासून त्या समोर उभ्या राहतात. गिळल्यावर तोंड उघडून दाखवायचं. केराची टोपलीसुद्धा बघतात. मी आता मुकाट गिळतो."

"सगळ्यांसमोर उभी राहते?"

"सगळ्यांसमोर."

आणि मग, एखादी बारीकशी गोष्ट सांगावी तसं ते म्हणाले, "म्हणजे, एक जण सोडून."

४

ऑफिसच्या मागे छोटं स्वयंपाकघर आहे. तिथे मी दार लोटून घेतलं. थर्माकोलचे तीन जाड तुकडे घेतले, प्रत्येकात चमच्यानं खळगा केला. एकात फोनताईच्या बाटलीतलं औषध ओतलं, दुसऱ्यात ठमीचं जवसाचं तेल, तिसऱ्यात ठमीच्या कॅप्सूल टाचणीनं फोडून आतलं तेल. मग चहा टाकला.

पहिला तुकडा बघता बघता खाली गेला, पण त्याच्या कडा लगेच वाळून कडक झाल्या आणि औषध उडून गेलं. हात लावला तर कोरडा. दुसरा तुकडा, जवसाचा, नव्या नवरीसारखा गप्प बसून राहिला. त्याला काही झालं नाही. तिसऱ्यात मात्र माझा चहा संपेपर्यंत तेल हळूहळू खाली उतरत गेलं, आणि शेवटी तळ फोडून खालच्या बशीत टपकलं. कडा चिकट, पिवळ्या. डोंगरातल्या होत्या तशाच.

याआधी एकदा असंच घडलं होतं. एका गोदामात माशाच्या तेलाची औषधं पाठवायच्या थर्माकोलच्या पेट्यांना भोकं पडली होती. कंपनी म्हणे उंदीर. पण भोकांवर दातांची खूण नव्हती. शेवटी एका रसायनवाल्या बाईंनी समजावून सांगितलं की माशाचं तेल जसं माशात असतं तसं थर्माकोलला फारसं काही करत नाही. पण ओमेगा-३ जास्त भरावं म्हणून ते तेल अल्कोहोलबरोबर प्रक्रिया करून दाट करतात, आणि त्या रूपातलं तेल थर्माकोल विरघळवतं. "मग पोटाचं काय होतं?" असं मी घाबरून विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "पोट थर्माकोलचं नसतं." मला ते आवडलं होतं.

तर कॅप्सूल डोंगरात गेल्या होत्या. पण कशा?

मी पुन्हा जिन्यात गेले. मॉडेलवाला तिथेच होता.

"डोंगराला कुठे भोक होतं का?"

"खाच होती. आतून दिवे लावायचे ठरले होते, त्यांच्या वायरींसाठी. मागच्या बाजूला, खिडकीकडे. मग मॅडमनी दिवे रद्द केले, तेव्हा परवा मी खाच ओल्या पुट्टीनं बुजवून टाकली."

"आत बघितलंस?"

"आत काय बघायचंय? माझाच डोंगर."

आत काय होतं हे ठाऊक असतं तर त्यानं ओली पुट्टी भरली नसती. कॅप्सूलची साल जिलेटिनची असते. कोरडी असेपर्यंत ती टिकते, ओल लागली की मऊ पडते, मग फुटते. तेल सुटलं, मांजरीला वास लागला, डोंगर आतून बसला. म्हणजे ज्यानं कॅप्सूल टाकल्या त्याला डोंगर पाडायचा नव्हता, आणि ज्यानं पुट्टी भरली त्यालाही नव्हता.

मी परत मॉडेलच्या खोलीत आले. खाच होती तिकडची बाजू शोधली. तिथे खिडकीशी एक हातांची खुर्ची होती. मी तिच्यात बसून हात लांब केला. हात सरळ जिथे खाच बुजवली होती तिथे पोचला.

ही खुर्ची कुणाची ते विचारायची गरज नव्हती. खुर्चीच्या पाठीला टेकायला उशी मीच शिवून दिली होती.

५

दादा गच्चीत ऊन खात बसला होता. दादा म्हणजे ठमीचा थोरला भाऊ, माझा भाचा. गेल्या वर्षी त्याला हार्ट अटॅक येऊन गेला. तेव्हापासून ठमी त्याला रोज स्वतःबरोबर ऑफिसात आणते, नजरेसमोर असावा म्हणून. तो हिशेबाचं थोडं काम करतो, बाकी वेळ खिडकीशी बसतो. अटॅकनंतरच ऑफिसात कॅप्सूल आल्या. आपण एकटेच आजारी असं दादाला वाटू नये, म्हणून सगळ्यांना.

"तुझ्यासमोर ठमी उभी राहत नाही," मी शेजारी बसत म्हटलं.

त्यानं माझ्याकडे बघितलं आणि कसला आडपडदा ठेवला नाही. तसा तो लहानपणापासूनच खोटं बोलण्यात कच्चा.

"मी चहाबरोबर घेतो म्हणतो," तो म्हणाला. "आणि ती विश्वास ठेवते. बाकी सगळे चुकवतील, मी कसा चुकवीन? माझ्यासाठीच तर चाललंय सगळं."

"मग का चुकवलंस?"

"मला रक्त पातळ राहायची गोळी चालू आहे. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, त्याच्याबरोबर एवढा जास्त डोस स्वतःच्या मनानं नको, मासे खा, अक्रोड खा, जवस खा, पुरे. ते सगळं मी खातो, मावशी, आवडीनं खातो. फक्त कॅप्सूल घेत नाही."

"मग ठमीला हे एवढंच सांगायचं होतंस की."

दादानं समोरच्या गच्चीवरच्या कपड्यांकडे नजर वळवली.

"त्या दिवशी छातीत कळ आली तेव्हा मी पहिला फोन तिला केला होता," तो म्हणाला. "ती कामात होती, तिनं उचलला नाही. मग शेजाऱ्यांनी नेलं मला. डॉक्टर म्हणाले, तिनं फोन उचलला असता तरी काही फरक पडला नसता. पण तिला ते पटत नाही. ती रोज ती बाटली घेऊन येते ना, तेव्हा तिचा चेहरा बघ एकदा. मला वाचवते रोज ती. मी नाही म्हटलं असतं तर तिनं करायचं काय होतं?"

लहानपणी ठमी पडली तरी आधी हाच रडायचा.

"खिशात ठेवल्या तर कपडे धुताना बायकोला सापडतील. ती आणि ठमी रोज फोनवर," तो पुढे म्हणाला. "आधी खिडकीतून फेकायचो, पण खाली लोकांच्या अंगावर पडायच्या, म्हणून डोंगर आल्यावर खाचेत टाकायचो. मॉडेल जायच्या आधी काढून घेणार होतो. परवा आलो तर खाच बुजलेली. वाटलं, असू देत आत, कुणाला कळणार? तेलानं थर्माकोल विरघळतं हे मला कुठे माहीत!"

"ते मला मान्य आहे," मी म्हटलं. "पण आज सकाळी तू खड्ड्यात बघितलंस. तुला वास आला असेल. तुला कळलं असेल. आणि तुझ्या डोळ्यांदेखत तिनं त्या माणसाला चोरासारखं बाहेर काढलं."

"मला वाटलं, तिचा राग उतरेल एक-दोन दिवसांत. मग त्याला परत बोलवेल."

"तिचा राग उतरेल रे. त्याच्या नावाला लागलेलं कसं उतरेल?"

दादानं मान खाली घातली. मला त्याची दया येत होती आणि रागही येत होता, दोन्ही एकदमच. प्रेमापोटी माणूस काय काय लपवतो, आणि त्याची भरपाई भलताच कुणीतरी करतो. विम्याच्या धंद्यातही ही रक्कम कुणी धरत नाही.

"मी खाली जाऊन सगळ्यांना एकत्र बोलावते," मी उठले. "तू सांगतोस की मी सांगू?"

६

सगळे टेबलाभोवती उभे राहिले. मॉडेलवाल्याला मी जिन्यातून वर आणलं, तो दाराशीच थांबला. मी थर्माकोलचे तिन्ही तुकडे मांडले, मग खड्ड्यातून काडीनं कॅप्सूलच्या सालींचे मऊ, पिवळे तुकडे काढून कागदावर ठेवले. थिनर नाही, नखांचं औषध नाही, जवसाचं तेल नाही. एवढं सांगून मी थांबले.

"माझ्या कॅप्सूल?" ठमी म्हणाली. तिनं पहिल्यांदा नकाशेकाकांकडे पाहिलं, मग फोनताईकडे. दादाकडे पाहायचं तिच्या मनातही आलं नाही.

"मी टाकल्या," दादा म्हणाला.

मग त्यानं सगळं सांगितलं. डॉक्टरांचं, चहाचं, खाचेचं. फोनचंही सांगितलं. ते सगळ्यांसमोर सांगायची गरज नव्हती असं मला वाटलं, पण तो थांबला नाही, जणू इतके महिने दाबून ठेवलेलं आता एकदमच बाहेर पडत होतं. ठमी ऐकत उभी राहिली. तिच्या हातात दुपारची बाटली होती, नेहमीच्या वेळेला घेऊन आली होती. ती तिनं टेबलावर ठेवली.

"एकही नाही घेतलीस?" तिनं विचारलं.

"एकही नाही."

"आणि तरी बरा आहेस."

"बरा आहे, ठमे. बघ ना."

ती रडली. मोठ्यानं, लहानपणी रडायची तशी, नाक ओढत. दादानं तिला जवळ घेतलं. आम्ही सगळे कुठे बघावं ते न कळून डोंगराकडे बघत राहिलो. मला बरं वाटलं. एका वर्षाचं ओझं उतरताना दिसलं की कुणालाही बरंच वाटेल. मला वाटलं, झालं, मिटलं.

पण दाराशी एक माणूस अजून पिशवी घेऊन उभा होता.

ठमीनं डोळे पुसले आणि त्याच्यासमोर गेली. तिचं हे एक चांगलं आहे, चूक झाली की ती कोपऱ्यात नेऊन पुटपुटत नाही. "सकाळी मी सगळ्यांसमोर तुमच्यावर आळ घेतला," ती म्हणाली, "म्हणून सगळ्यांसमोर माफी मागते. माझं चुकलं. मी विचारलंसुद्धा नाही तुम्हाला."

"ठीक आहे, मॅडम," मॉडेलवाला म्हणाला. "माफी मी घेतली. आता माझा राजीनामा तुम्ही घ्या."

"अहो, पण का? आता तर सगळं कळलंय ना!"

"आता कळलंय," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "तुमचा राग नाही मला. तुम्ही रागावता, सगळ्यांना माहितीय. पण सकाळी तुम्ही म्हणालात की यानंच केलं, तेव्हा इथे सगळे उभे होते. इतकी वर्षं एका डब्यातून जेवलो आम्ही. एक जणसुद्धा म्हणाला नाही की मॅडम, थांबा, हा असं करणार नाही."

नकाशेकाकांनी चष्मा काढून पुसायला घेतला. फोनताईचे डोळे भरले. दादानं खड्ड्यात पडलेली एक खाट उचलून हातात धरली. मीसुद्धा आल्या आल्या पहिलं त्याचंच कपाट उघडलं होतं.

ठमीनं त्याला थांबवायला तोंड उघडलं. जादा पगार, बढती, काहीतरी तिच्या ओठांवर आलं असणार, मी तिला ओळखते. पण ती तशीच थांबली, आणि मग म्हणाली, "बरोबर आहे तुमचं."

"उद्या परीक्षक येणार आहेत," तो म्हणाला. "डोंगर करून देतो. पुठ्ठ्याच्या थरांचा करतो, थर्माकोल नको आता."

त्यानं पिशवीतून ब्लेड काढलं आणि कामाला लागला. नकाशेकाकांनी थर आखून दिले, फोनताईनं गोंद लावला, दादानं खाटा एकेक करून पुसल्या आणि व्हरांड्यात परत ठेवल्या. ठमीनं रस्ता बदलायला सांगितलं नाही. संध्याकाळी हॉस्पिटल डोंगरावर सरळ उभं राहिलं, आधीपेक्षा देखणं. मॉडेलवाल्यानं एकदा चारही बाजूंनी फिरून बघितलं, नळाखाली हात धुतले, फोनताईला आणि काकांना येतो म्हणाला आणि जिना उतरून गेला.